सापळा कारवाई

लाच मागणाऱ्या लोकसेवकाला पंचांच्या समक्ष खुणेची रक्कम स्वीकारताना पकडण्याची ही तपासपद्धत आहे. महाराष्ट्रात हे काम लाचलुचपत प्रतिबंधक विभाग (एसीबी) करतो. 1957 साली स्थापन झालेल्या या विभागाचे प्रमुख महासंचालक असून मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड अशी त्याची परिक्षेत्रे आहेत. तक्रारीसाठी 1064 हा निःशुल्क क्रमांक आहे. विभागाच्या दप्तरी गुन्ह्यांचे तीन वर्ग असतात : सापळा, अपसंपदा (ज्ञात उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता) आणि अन्य भ्रष्टाचार. त्यांत सापळ्यांची संख्या कायम सर्वाधिक असते, आणि सापळ्यांत महसूल व पोलीस ही दोन खाती वर्षानुवर्षे आघाडीवर राहिली आहेत. फेरफार नोंद, सातबाऱ्यावरील दुरुस्ती, गुन्ह्यात मदत, जप्त वाहन सोडणे अशा कामांत एका सहीवाचून सामान्य माणसाचे अडते. सही लांबवण्यासाठी वेगळे काही करावेही लागत नाही. फेरफाराच्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत संपल्यावरही नोंद प्रमाणित न करता नुसती ठेवून दिली की पुरते.

कायदेशीर आधार : भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, 1988. कलम 7 खाली लोकसेवकाला 3 ते 7 वर्षे कारावास व दंड होतो; मध्यस्थासाठी कलम 7अ आहे. 26 जुलै 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले त्याने सात दिवसांत तक्रार केली, किंवा पैसे देण्याआधीच पोलिसांना कळवले, तर तो सुटतो. तक्रारदाराने आधी एसीबीकडे जाणे म्हणूनच त्याच्या स्वतःच्या हिताचे असते. कलम 17अ नुसार लोकसेवकाच्या शासकीय निर्णयाच्या चौकशीला पूर्वपरवानगी लागते. जागेवर अटक होणारा सापळा यातून वगळला आहे. सापळे जास्त होण्याचे हेही एक कारण आहे.

लेखी तक्रार घेतल्यावर पहिला टप्पा पडताळणीचा. तक्रारदाराजवळ व्हॉइस रेकॉर्डर देऊन त्याला एका पंचासह संबंधिताकडे पाठवतात. पंच दोन असतात. ते शक्यतो दुसऱ्या खात्यातील शासकीय कर्मचारी असतात आणि त्यांना त्यांच्या कार्यालयाला पत्र देऊन बोलावले जाते. वृत्तपत्रांतले ‘तडजोडीअंती अमुक हजार स्वीकारण्याचे मान्य केले’ हे वाक्य या पडताळणीतून आलेले असते. खटल्याचा खरा पाया हाच टप्पा आहे, बातमीत त्याला अर्धी ओळ मिळते.

नंतर सापळापूर्व पंचनामा. रक्कम तक्रारदार आणतो (पुढे विभाग ती त्याला परत करतो). नोटांचे क्रमांक लिहून घेतात आणि त्यांवर फिनॉल्फथॅलीनची पांढरी, गंधहीन पूड लावतात. ती हाताला लागली आणि हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवला की द्रावण गुलाबी होते. पंचांना हे करून दाखवतात व ते द्रावण फेकून देतात. महाराष्ट्रात पूर्वी अँथ्रासीन पूड वापरत. ती अतिनील दिव्याखाली चमकते, पण पंचांनी पाहिलेली चमक बाटलीत भरून न्यायालयापुढे ठेवता येत नाही. पूड लावणारा कर्मचारी नोटा स्वतःच तक्रारदाराच्या रिकाम्या खिशात ठेवतो आणि सापळ्याच्या जागी जात नाही, नाहीतर ‘पूड पथकानेच लावली’ असा बचाव उभा राहतो. तक्रारदाराला तीन सूचना असतात : मागितल्याशिवाय नोटांना हात लावायचा नाही, समोरच्याशी हस्तांदोलन करायचे नाही, आणि पैसे घेतले गेले की ठरलेला इशारा करायचा. इशारा साधा असतो : डोक्यावरून हात फिरवणे, चष्मा काढून पुसणे. पंच क्रमांक एक त्याच्यासोबत राहतो; पंच क्रमांक दोन पथकाबरोबर दबा धरतो.

इशारा होताच पथक आत शिरते आणि संशयिताचे हात मनगटाला धरते. उजव्या व डाव्या हाताचे धुवण वेगवेगळे घेऊन बाटल्यांत भरून सील करतात. रक्कम खिशातून निघाली तर खिशाच्या अस्तराचेही धुवण घेतात. क्रमांक जुळवून नोटा जप्त होतात, घरझडती होते, स्थानिक पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो. पुढे आवाजाचा नमुना घेऊन ध्वनिमुद्रणाशी ताडतात. कोठडी 48 तासांपेक्षा अधिक झाली की महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 प्रमाणे कर्मचारी निलंबित मानला जातो.

पकडला गेला म्हणजे शिक्षा झाली असे नाही. निर्दोष सुटकांचे प्रमाण मोठे आहे. नोटा सापडल्या एवढ्यावर शिक्षा होत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. तक्रारदार फितूर होतो. कधी त्याचे काम होऊन गेलेले असते, कधी त्याच कार्यालयात पुन्हा खेटे घालायचे असतात. पंच बाहेरच्या बाकावर बसवला गेला तर त्याला संभाषण ऐकूच आलेले नसते. नीरज दत्ता प्रकरणात (15 डिसेंबर 2022) सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तक्रारदार फितूर वा मृत झाला तरी इतर पुराव्यावरून मागणी सिद्ध करता येते असे स्पष्ट केले. तेव्हापासून ध्वनिमुद्रणाचे वजन वाढले. पण त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र नसले तर ते पुराव्यात वाचले जात नाही. अर्जुन खोतकर यांच्या जालन्यातील निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली हे पक्के केले. बाटलीतला गुलाबी रंग काळाने फिका पडतो. प्रयोगशाळेच्या अहवालात पूड आढळली असेल तर त्याने बिघडत नाही, तरी उलटतपासणीत हा मुद्दा हमखास येतो. ‘उसने पैसे परत मिळाले’ हा बचाव जुनाच. खटला चालवण्यासाठी लागणारी कलम 19 ची मंजुरी सक्षम नसलेल्या अधिकाऱ्याने दिली, किंवा कागद न वाचता छापील मसुद्यावर सही केली, की त्या बळावरही खटले पडतात. ही मंजुरी तीन महिन्यांत, फार तर आणखी एका महिन्यात मिळायला हवी. प्रत्यक्षात फायली तुंबतात.

लाच घेण्याच्या रीतीही बदलल्या आहेत. अधिकारी स्वतः हात लावत नाही; ‘झिरो’ म्हणून ओळखला जाणारा खाजगी इसम, शेजारचा झेरॉक्सवाला किंवा चालक रक्कम घेतो. तेव्हा अधिकाऱ्याने ‘त्याच्याकडे द्या’ म्हटल्याचे ध्वनिमुद्रण नसेल तर एकटा मध्यस्थच अडकतो.

या पद्धतीची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. सापळ्याला नाडलेला तक्रारदार लागतो. सार्वजनिक बांधकामाच्या निविदेतील टक्केवारीत देणारा व घेणारा दोघेही फायद्यात असतात. नुकसान तिजोरीचे आणि रस्ता वापरणाऱ्यांचे होते, आणि त्यांच्यासमोर कोणी पैसे मागितलेले नसतात. मोक्याच्या बदलीसाठी मोजलेल्या पैशांचेही तसेच. ते वसूल करायला बसलेला अधिकारी खालून गोळा करतो, आणि सापळ्यात बहुधा या साखळीची शेवटची कडी सापडते. 2005 च्या बदल्यांच्या कायद्याने पदावधी साधारण तीन वर्षे ठरवला, परंतु वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने मुदतपूर्व बदलीची वाट मोकळी ठेवली. राजकीय शिफारशी याच वाटेने येतात. एकाच टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, हे त्याच कायद्यातले कलम कार्यालयांत क्वचितच कोणाला आठवते.

वरच्या कड्यांसाठी अपसंपदेचा तपास किंवा उघड चौकशी (गुन्हा नोंदवण्याआधी विभाग करतो ती) हे मार्ग आहेत. अपसंपदेत ठरावीक तपासणी काळातील ज्ञात उत्पन्न, खर्च आणि मालमत्ता यांचा ताळेबंद मांडतात. कुटुंबीयांच्या नावचे व्यवहार उलगडावे लागत असल्याने यात वर्षे जातात. निविदांच्या गैरव्यवहारात तर अंदाजपत्रक, दरवाढ आणि मोजमाप पुस्तिका तपासायला अभियंतेच लागतात. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाच्या कामांबाबतचे गुन्हे या प्रकारचे होत. मंत्री, सरपंच, नगरसेवक हे कायद्याने लोकसेवकच. सभागृहातील मतासाठी वा भाषणासाठी पैसे घेणाऱ्या आमदार-खासदारांना 1998 च्या निकालाने मिळालेले संरक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सीता सोरेन प्रकरणात 4 मार्च 2024 रोजी काढून घेतले.