पाण्याखालची रेती घट्ट का लागते?

वैनगंगेच्या काठावरच्या गावांत उपशाचा विषय निघाला, की ‘रेतीच तर आहे, पंप लावला की निघते’ असे हमखास ऐकू येते. घाटावरच्या घमेल्यात सहज भरणाऱ्या कोरड्या रेतीवरून हा समज झाला आहे. पाण्याखाली दाबून बसलेली रेती मात्र ड्रेजरच्या, म्हणजे तळाची रेती उपसणाऱ्या यंत्राच्या, पात्याला चांगलीच झुंजवते.

मोकळ्या रेतीत सुमारे 45 टक्के पोकळी असते, घट्ट रेतीत 35 टक्क्यांच्या आसपास. घट्ट थर कापताना प्रत्येक दाण्याला शेजारच्या दाण्यावर चढून पुढे सरकावे लागते, त्यामुळे थर फुगतो आणि पोकळी वाढते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी 1885 साली हा गुण दाखवून दिला. ही वाढीव पोकळी भरण्यासाठी बाहेरून पाणी यावे लागते आणि ते वेळेत पोहोचले नाही, तर आतला दाब घसरून दाणे एकमेकांवर आवळले जातात. काठावरच्या ओल्या रेतीवर पाऊल ठेवताच भोवतालची रेती क्षणभर कोरडी दिसते, कारण वरचे पाणी आत ओढले गेलेले असते. पाण्याखालच्या घट्ट रेतीत सब्बल हळूहळू दाबली तर उतरते, जोराने खुपसली तर अडते, तेही याचमुळे.

म्हणूनच घट्ट थरात बारीक रेती जाड रेतीपेक्षा हट्टी ठरते. ढोबळ नियमाने दाणा निम्मा झाला, की पाण्याची वाट चौपट अवघड होते. पाते जितके वेगाने फिरेल, तितका विरोध वाढतो. आतला दाब इतका घसरला, की पाण्याची वाफ होऊ लागते, तेव्हा ही वाढ थांबते. 10 मीटर खोलीवर एकूण दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दुप्पट असल्याने ही मर्यादा उशिरा येते.

रेती किती घट्ट आहे हे नुसत्या चाळणीने कळत नाही, कारण नमुना वर येईपर्यंत त्याची मूळ बैठक मोडलेली असते. त्यासाठी बोअरमध्ये 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटीमीटरवरून पाडून, नळी 30 सेंटीमीटर उतरायला किती ठोके लागले, ते मोजतात. दहाच्या आत रेती मोकळी, तिसाच्या वर घट्ट.

उपशाच्या खड्ड्यात कोणी बुडाले, की नदीने बळी घेतला असे म्हणतात. पण तिथे कोणाचा कोप नसतो. घट्ट रेतीची कड याच ओढीमुळे काही काळ उभी राहते, पाणी मुरेल तशी दाण्यादाण्याने ढासळत मागे सरकते आणि वर उभ्या माणसाच्या पायाखालचा आधार काढून घेते. रेती शोषणारा ड्रेजर याच ढासळण्यावर चालतो: जाड रेतीत कड भराभर मागे हटते आणि नळीला माल मिळत राहतो, बारीक रेतीत मात्र पंप कितीही मोठा असला तरी नळीत बरेचसे पाणीच येते.