एक नस दुसरीवर आपटते तेव्हा

आपल्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया हा चेहऱ्यात असह्य कळा आणणारा आजार झाला होता, असं सलमान खानने जाहीरपणे सांगितल्यापासून या आजाराचं नाव घरोघरी पोचलं. त्याबरोबर ‘आत्महत्येचा आजार’ हे बिरुदही फॉरवर्ड होत राहिलं. भीती विकायला ते बरं आहे. प्रत्यक्षात बहुतेकांना सुरुवातीला कार्बामॅझेपिन या गोळीनेच चांगला उतार पडतो. ती मुळात फिटची गोळी, त्यामुळे ‘मला कुठे फिट येते?’ म्हणून ती न घेणारेही असतात.

वेदना मात्र भयंकर, यात शंका नाही. गालात किंवा जबड्यात, जवळजवळ नेहमी एकाच बाजूला, विजेचा झटका बसावा तशी कळ येते आणि काही सेकंदांत जाते. निमित्त क्षुल्लक: दात घासणं, दाढी करणं, पंख्याचा वारा. दाढ दुखतेय असं वाटून धडधाकट दाढा उपटून घेतलेले रुग्ण जगभर सापडतात. दाढ जाते, कळ राहते.

आपण मराठीत रक्तवाहिनीलाही ‘नस’ म्हणतो आणि मज्जातंतूलाही. एरवी हा घोळ डोक्याला ताप असतो, पण इथे तो मजेशीररीत्या जुळतो, कारण बहुतेक रुग्णांत यातली एक नस दुसरीवर दाबत असते.

चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारा पाचवा मज्जातंतू मेंदूच्या देठात शिरतो, तिथे खरी गंमत आहे. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, तारेवरच्या रबरासारखं. मेंदूबाहेर ते ‘श्वान’ नावाच्या पेशी विणतात, आत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या. दोन विणी जिथे मिळतात त्या सांध्याच्या आतलं वेष्टण नाजूक असतं. वय वाढतं तशा रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, लांबतात, वेटोळी होतात. त्यातलं एखादं वेटोळं नेमकं तिथे टेकलं, तर मिनिटाला सत्तर म्हणजे दिवसाला लाखभर ठोके त्या एका जागेवर बसतात. वर्षानुवर्षं. वेष्टण झिजतं, उघडे तंतू एकमेकांना चिकटतात आणि स्पर्शाचा संदेश शेजारच्या वेदनेच्या तंतूत उडी मारतो. म्हणून वाऱ्याची झुळूक सुरीसारखी लागते. शिवाय सोललेला तंतू कुणी न छेडताही स्वतःहून ठिणग्या टाकतो.

वॉल्टर डँडी या अमेरिकन शल्यविशारदाने 1930च्या दशकातच अशी टेकलेली रोहिणी पाहिली होती. त्यावर इलाज रूढ केला तो पीटर जॅनेटा यांनी, 1960च्या दशकात शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर. कानामागे कवटीला नाण्याएवढं भोक पाडायचं, लहान मेंदू हलकेच बाजूला घ्यायचा, रोहिणी सोडवायची आणि मध्ये टेफ्लॉनच्या धाग्यांचा बोळा ठेवायचा. हो, नॉनस्टिक तव्यावरचं तेच टेफ्लॉन. काही कापायचं नाही, जाळायचं नाही. पुष्कळ रुग्ण शुद्धीवर येतात ते कळ हरवलेल्या गालानेच.

1996 साली जॅनेटांच्या गटाने 1,185 रुग्णांचा आढावा छापला. दहा वर्षांनंतरही सुमारे 70 टक्के रुग्ण औषधाविना वेदनामुक्त होते. उरलेल्या 30 टक्क्यांबद्दल ‘नस मोकळी करून देतो’ म्हणणारे मालिशवाले आणि मंत्र घालून कळ उतरवणारे बोलत राहतील. पण कवटीच्या आत, इतक्या खोलवर टेकलेली रोहिणी बाहेरून चोळून हलत नाही. आणि कळ मधूनच महिनोन्‌महिने आपोआप थांबते, हा या आजाराचा स्वभावच आहे. मांत्रिकाचं श्रेय तिथून येतं.

ज्यांना ही मोठी शस्त्रक्रिया झेपत नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून मज्जातंतू तापवणं, फुग्याने दाबणं किंवा गॅमा नाइफ या यंत्राचे किरण हे मार्ग आहेत. त्यात मज्जातंतूला मुद्दाम थोडी इजा करतात, म्हणून गाल बधिर होऊ शकतो.

कानामागच्या शस्त्रक्रियेचा धोका वेगळा. ऐकण्याचा आठवा मज्जातंतू अगदी शेजारून जातो, ताणला गेला तर त्या कानाने ऐकू येणं कमी होतं किंवा बंद पडतं. म्हणून अनेक ठिकाणी, रुग्ण गाढ भुलेत असताना, त्याच्या कानात टिक्‌टिक् आवाज सोडत राहतात आणि मेंदूतून उमटणाऱ्या लहरी पडद्यावर बघत राहतात. लहर उशिरा उमटू लागली की शल्यविशारद हात थांबवतो.