युद्धकाळातलं जर्मन पिस्तूल: किंमत ठरवताना आम्ही काय पाहतो

मूल्यांकनासाठी फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "ल्यूगर आहे, किती मिळतील?" नुसत्या नावावर किंमत सांगता येत नाही. एकाच कारखान्यात एकाच वर्षी बनलेल्या दोन पिस्तुलांच्या भावातही दुपटीचा फरक पडतो. पिस्तूल कारखान्यातून निघालं तसंच आजही आहे का, यावर बरंच काही अवलंबून असतं.

सुरुवात खुणांपासून करा. युद्धकाळात सैन्याच्या शस्त्रांवर कारखान्याच्या नावाऐवजी संकेत ठोकत. ल्यूगर, म्हणजे पी ०८, याच्या चेंबरवर (गोळी बसते त्या भागावर) साल असतं आणि वर दुमडणाऱ्या सांध्यावर संकेत. ओबेर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचा संकेत आधी 'एस/४२', मग '४२' आणि १९४१-४२ च्या सुमारास 'बीवायएफ' असा बदलत गेला. वाल्थर पी ३८ वर 'एसी' असेल तर ते खुद्द वाल्थरचं, 'बीवायएफ' माउझरचं, 'सीवायक्यू' स्प्रेवेर्कचं. १९४० मध्ये वाल्थरने थोडाच काळ '४८०' हा आकडा वापरला. तो दिसला तर पिस्तूल कोणाच्याही हाती देण्याआधी आम्हाला फोटो दाखवा.

नंबरांकडे सर्वात जास्त लक्ष द्या. ल्यूगरचा पूर्ण नंबर सांगाड्यावर असतो आणि त्याचे शेवटचे दोन आकडे ट्रिगर, बाजूची पट्टी, कुलूपकाडी अशा बारीक भागांवरही असतात. नंबर दहा हजारांच्या घरात पोचला की पुढे अक्षर लावून मोजणी पुन्हा एकपासून, आणि नव्या वर्षी सगळं नव्याने. त्यामुळे ४७२१ हा एकच आकडा अनेक पिस्तुलांवर सापडतो. नंबर, अक्षर आणि साल तिन्ही कळवा. एक छोटा भाग जरी दुसऱ्या पिस्तुलाचा निघाला तरी संग्राहक मागे सरतो. उलट, मॅगझिनच्या (गोळ्या भरायच्या पेटीच्या) बुडावरचा नंबरही जुळला तर भाव चांगलाच चढतो.

यानंतर ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर. मूळ ब्लूइंगचं पिस्तूल कडांवर, नळीच्या टोकाला झिजलेलं असतं, पण अक्षरांच्या कडा तीक्ष्ण राहतात. पुन्हा ब्लूइंग करताना आधी पॉलिश मारतात, म्हणून अक्षरं पुसट होतात, पिनांच्या भोकांभोवती खळगे पडतात आणि कोपरे गोलावतात. असं पिस्तूल कितीही चकचकीत दिसलं तरी किंमत बऱ्याचदा निम्म्यावर येते. तेव्हा कृपया घासू नका, पॉलिश लावू नका, तेलाचा हलका हात पुरे. १९४४-४५ च्या पी ३८ वर यंत्राचे ओरखडे दिसतात, तो दोष नाही. घाईच्या उत्पादनाची ती खूणच आहे.

सोव्हिएत सैन्याने हस्तगत करून पुढे दुरुस्त केलेली पिस्तुलं बाजारात पुष्कळ आहेत. जाड ब्लूइंग, मिसळलेले भाग, विजेच्या पेनाने कोरलेले नंबर यावरून ती ओळखू येतात. वाईट नाहीत, पण भाव कमी. काळ्या ग्रिपच्या (मुठीवरच्या पट्ट्यांच्या) ल्यूगरला विक्रेते 'ब्लॅक विडो' म्हणतात. ते नाव युद्धानंतरचं, त्याचे वेगळे पैसे मोजू नका. वाल्थरच्याच छोट्या पीपीके पिस्तुलावरच्या गरुड-स्वस्तिकाच्या ग्रिप तर इतक्या बनावट निघतात की आम्ही त्या तपासल्याशिवाय खऱ्या धरतच नाही. पुराव्याचा कागद मात्र मोलाचा: अमेरिकन सैनिकांना हस्तगत शस्त्र घरी नेण्यासाठी मिळालेलं प्रमाणपत्र, नंबर जुळत असेल तर, किंमत खरोखर वाढवतं.

भारतातल्या ग्राहकांसाठी. इथे सामान्य परवान्यावर दिसतात ती बहुतेक .३२ ची वाल्थर पीपी किंवा पीपीके. स्लाइडवर (वरच्या सरकत्या भागावर) कारखान्याचं गाव 'झेला-मेलिस' असेल तर १९४५ पर्यंतचं, 'उल्म' असेल तर युद्धानंतरचं, मग घरात काहीही सांगत असोत. पी ०८ आणि पी ३८ यांचा ९ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) सामान्य परवानाधारकांसाठी प्रतिबंधित आहे. वडिलांच्या किंवा आजोबांच्या निधनानंतर शस्त्र सापडलं तर ते घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या, मगच मूल्यांकनाचं बोला. परदेशातल्या ग्राहकांनी त्या देशाचा कायदा पाहावा.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. दोन्ही बाजू, चेंबर, प्रत्येक ठसा, मॅगझिनचं बूड आणि होल्स्टर असेल तर त्याच्या आतला शिक्का. त्याआधी मॅगझिन काढून चेंबर रिकामं असल्याची खात्री करा. ते जमत नसेल तर हात न लावता जाणकाराला बोलवा.