पॉवर बीआयमध्ये ज्याला त्याला आपापलाच डेटा दिसावा, यासाठी अर्ज करताना

"नाशिकच्या मॅनेजरला फक्त नाशिकची विक्री दिसली पाहिजे. कृपया करून द्यावे." एवढ्या एका ओळीचे अर्ज रिपोर्टिंग टीमकडे येतात, परत जातात, आणि मग 'आयटीवाले मुद्दाम अडवतात' अशी ओरड सुरू होते. ज्याला त्याला आपापल्याच ओळी दाखवण्याची ही सोय (रो-लेव्हल सिक्युरिटी) पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरमध्ये आहेच आणि जाणकाराला ती लावायला फार वेळ लागत नाही. घोडं अडतं ते अर्जासोबत जे द्यायचं असतं त्यात.

अर्ज कोणी करावा? ज्याच्या खात्याचा डेटा आहे त्या खातेप्रमुखाने. रिपोर्ट बघणाऱ्याने स्वतःच अर्ज केला, तर बहुतेक कंपन्यांत तो उघडूनही पाहिला जात नाही. बघणाऱ्याकडे प्रो लायसन्स (माणशी घ्यायचा सशुल्क परवाना) हवं, किंवा वर्कस्पेस (रिपोर्ट ठेवलेली सामायिक जागा) प्रीमियम अथवा फॅब्रिकच्या एफ६४ वा त्यावरच्या कपॅसिटीवर (कंपनीने घेतलेल्या सर्व्हर-क्षमतेवर) हवी. हे आधी विचारून घ्या.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: कोणी काय बघायचं याचा तक्ता. कॉलम दोनच, लॉगिन आयडी आणि विभाग. एका माणसाकडे दोन विभाग असतील तर त्याच्या दोन ओळी. ऐकायला सोपं आहे, पण एचआरच्या यादीत माणसं नेमणुकीच्या गावानुसार असतात आणि सेल्सच्या यादीत झोननुसार. डेटात 'पुणे ग्रामीण' असेल आणि तुम्ही नुसतं 'पुणे' लिहिलं, तर त्या माणसाला रिकामा रिपोर्ट दिसेल. विभागाचं नाव डेटात जसं आहे तसंच उतरवा.

लॉगिन आयडी म्हणजे मेलचा पत्ता असं गृहीत धरू नका. ओळी गाळणारं सूत्र तपासतं ते 'युजर प्रिन्सिपल नेम', म्हणजे लॉगिनचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललं, मेल नवा झाला, पण लॉगिन जुन्याच नावाचं राहिलं, अशा बायकांचे अर्ज हमखास अडकतात. आयडी आयटीकडूनच मागवा. एकेक नावाऐवजी ग्रुप द्यायचा असेल तर सिक्युरिटी ग्रुप द्या. "टीम्सवर आमचा ग्रुप आहे की!" असं सांगून भागत नाही. तो मायक्रोसॉफ्ट ३६५ ग्रुप असतो आणि रोलमध्ये (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या गटात) तो जोडताच येत नाही.

सगळ्यात जास्त तक्रारी मात्र मंजुरीनंतर येतात: "रोल लावला, तरी त्यांना सगळं दिसतंय." वर्कस्पेसमध्ये कोणाला कोणता दर्जा दिलाय ती यादी उघडून बघा. ही मर्यादा फक्त व्ह्यूअरला, म्हणजे नुसतं बघण्याची परवानगी असलेल्याला लागू होते. अ‍ॅडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्यूटर यांना सगळा डेटा दिसतोच, रोल कितीही लावा. कधीतरी कोणीतरी 'कटकट नको' म्हणून सगळ्यांना मेंबर करून ठेवलेलं असतं. आता विभागप्रमुखाला मेंबरचा व्ह्यूअर करायचा म्हटलं की पद काढून घेतल्यासारखं तोंड होतं आणि त्या बदलाच्या कागदावर सही करायला कोणी पुढे येत नाही. ती सही आधी मिळवा. ती नसेल तर बाकी सगळी मेहनत फुकट आहे.

पुढच्या पायऱ्या टीमच्या: पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये 'मॅनेज रोल्स'मधून रोल बनवणे, 'व्ह्यू अ‍ॅज'ने तपासणे, पब्लिश करणे आणि सेमँटिक मॉडेलच्या (रिपोर्टमागच्या डेटाच्या) 'सिक्युरिटी' पानावर माणसं जोडणे.

तारखेचा घोळ इथे होतो. सकाळी मंजुरी आली म्हणजे सकाळीच दिसेल असं नाही. मॉडेल इम्पोर्ट पद्धतीचं (डेटाची प्रत साठवणारं) असेल तर तक्त्यातला बदल पुढच्या रिफ्रेशनंतरच (ती प्रत ताजी केल्यावरच) लागू होतो आणि प्रोमध्ये ठरवून दिलेले रिफ्रेश दिवसाला जास्तीत जास्त ८. रिफ्रेश रात्री असेल, तर नागपूरहून कोल्हापूरला बदली झालेल्या माणसाला दिवसभर नागपूरच दिसत राहणार. बदलीची तारीख आदल्या दिवशी कळवा, आणि तक्ता पुढे कोण सांभाळणार त्याचं नाव अर्जातच लिहा. माणसाच्या नावाऐवजी 'विभाग' एवढंच लिहिलं की अर्ज परत येतो, आणि तो परत यायलाच हवा.

दोन रोल दिले की मर्यादा कडक होते, हाही एक गैरसमज. होतं उलटं, दोन्हींचा डेटा एकत्र दिसतो. आणि जो कुठल्याच रोलमध्ये नाही त्याला काहीच दिसत नाही, नुसते एरर दिसतात. त्यामुळे 'साहेबांना तर सगळंच बघायचंय' म्हणून साहेबांचं नाव गाळू नका. त्यांच्यासाठी फिल्टर नसलेला वेगळा रोल मागा.

ओळी लपवणं वेगळं आणि कॉलम लपवणं वेगळं. मार्जिन किंवा पगाराचा कॉलमच दिसू नये असं असेल तर ती ऑब्जेक्ट-लेव्हल सिक्युरिटी, आणि तसं अर्जात स्पष्ट लिहावं लागतं. दोन्ही हवं असेल तर पहिल्याच अर्जात एकत्र मागा. ओळींची मर्यादा एका रोलमध्ये आणि कॉलमची दुसऱ्यात ठेवून एकाच माणसाला दोन्ही रोल दिले, तर त्याचा रिपोर्ट एरर देतो आणि सगळे रोल नव्याने बांधावे लागतात.