आगमनकाळ 1 डिसेंबरला सुरू होतो का?

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की जालना, संभाजीनगरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आगमनकाळाबद्दल, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या काळाबद्दल, तोच संदेश फिरतो : ‘आगमनकाळ 1 डिसेंबरपासून, 24 दिवस, नाताळची उलटी मोजणी.’ यातली तारीख चूक आहे, अर्थही अपुरा आहे.

आगमनकाळ नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. तो रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. म्हणून 2022 मध्ये हा काळ 28 दिवसांचा होता, 2023 मध्ये जेमतेम 22. चोवीस हा आकडा आला तो नाताळपर्यंतचे दिवस मोजायला जर्मनीत निघालेल्या छापील कॅलेंडरांतून, उपासनेतून नव्हे.

अर्थाचं म्हणाल, तर कॅथलिक उपासनेत 16 डिसेंबरपर्यंत भर बाळ येशूवर नसतोच. प्रभूच्या पुनरागमनावर, म्हणजे येशू पुन्हा येणार या आशेवर, असतो. पहिल्याच रविवारी वाचलं जाणारं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) सांगतं, जागे राहा. गोठा, मरिया, योसेफ हे सगळं 17 तारखेपासून पुढे येतं. धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी, रविवारी एरवी म्हटलं जाणारं गौरवगीत (देवाच्या स्तुतीचं गीत) नाही. नाताळची गाणी महिनाभर आधीच वाजवली, तर ही वाट पाहणंच हातचं जातं, असं मला मनापासून वाटतं.

2025 च्या तिसऱ्या रविवारी बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला शेतकरी वाचला गेला : पहिल्या आणि शेवटच्या पावसापर्यंत धीर धरणारा. पॅलेस्टाईनात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, शेवटचा मार्च-एप्रिलचा. मधले महिने तो हातावर हात ठेवून बसत नाही. आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.