प्रतिमा आणि प्रतीक : कवितेतली घागर नेमकी कशी वाचायची?

परभणीत संध्याकाळी बारावीच्या आणि बीएच्या पोरापोरींना मी मराठी शिकवते, आणि दरवर्षी एक वाक्य मला शेकड्यानं वाचायला मिळतं, "येथे अमुक हे तमुकचे प्रतीक आहे." घागर तहानेचं प्रतीक, ढग आशेचं प्रतीक, बाभळ दुःखाचं प्रतीक. कवितेत वस्तू दिसली रे दिसली की शिक्का मारून मोकळं. नाहीतर मग 'प्रतिमा-प्रतीके' असं जोडूनच लिहितात, हळदीकुंकवासारखं, जणू दोन्ही एकच.

मला याचा खरंच त्रास होतो. कारण कवितेतला 'मी' त्याच्या मनातलं आपल्यापर्यंत कसं पोचवतो, हा जो प्रश्न असतो त्याचं उत्तर बहुतेक वेळा प्रतिमेत पडलेलं असतं आणि आपण ते प्रतीकात शोधत बसतो.

प्रतिमा म्हणजे शब्दांनी उभं केलेलं असं काहीतरी जे डोळ्याला, कानाला, नाकाला, कातडीला जाणवतं. टँकर आलाय, पाइप घागरीत सोडलाय, आधी पोकळ घुमल्यासारखा आवाज येतो, मग घागर भरत येते तसा आवाज चढत जातो, आणि बाया तिकडं न बघता, शेजारणीशी बोलता बोलता, नुसत्या आवाजावरून पाइप बरोबर पुढच्या घागरीत टाकतात. हे मी लहानपणापासून बघितलंय. ही झाली प्रतिमा. इथं घागर दुसऱ्या कशाच्या बदल्यात उभी नाही, ती घागरच आहे, पण तो चढत जाणारा आवाज ऐकताना तुमच्या पोटात काहीतरी हलतं ना, ती भावना.

प्रतीक म्हणजे वस्तू स्वतःपलीकडचं काही पेलायला लागते ते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून आमच्याकडं कवितेत रिकामी घागर आली की ती एका घरची राहत नाही, अख्ख्या मुलखाची होते. कवीनं एक शब्द जास्त लिहिला नाही तरी वाचणारा तो अर्थ आपल्या पदरचा आणतो. आणि तोच शब्द कोकणातल्या वाचकासमोर ठेवा, त्याला कदाचित नुसती घागर दिसेल. म्हणून मी पोरांना सांगते, प्रतीकाला माती लागते, परंपरा लागते, लोकांनी मिळून धरलेला अर्थ लागतो, नाहीतर कवीनं ती वस्तू कवितेत पुन्हा पुन्हा आणून तो अर्थ मुरवावा लागतो. प्रतिमेला एवढं काही लागत नाही, एक नेमकी जागा पकडली की झालं.

फरक कळावा म्हणून मी फळ्यावर माझ्याच ओळी लिहिते. पहिली :

टँकर गेला. घागरीच्या तळाशी बोटभर गढूळ पाणी,
त्यात माय वाकून बघते, आणि पाणी हलायचं थांबेस्तोवर थांबते.

दुसरी :

जन्मभर रिती घागर घेऊन
मी कोणत्या आडावर उभी आहे?

पहिलीत घागर काढून बादली ठेवली तर चित्र बदलतं, बोटभर पाणी काढून अर्धी घागर केली तर सगळंच मोडतं, कारण भावना त्या 'बोटभर' मध्ये आणि त्या थांबण्यात आहे. दुसरीत घागर पितळेची का प्लास्टिकची, कुणाला फरक पडत नाही, कारण ती आतल्या रितेपणाच्या बदल्यात उभी आहे. माझी परीक्षा एवढीच आहे, बारीक तपशील बदलून बघा, कविता दुखावली तर तुम्ही प्रतिमेला हात घातलाय. काही वेळा दोन्ही एकदम असतात, त्याचं पुढं सांगते.

उपमा-रूपकाशीही गल्लत होते, पण ते अलंकार आहेत, 'सारखा' किंवा 'हाच तो' म्हणत जोडणी करतात, आणि प्रतिमा त्यांच्याशिवायही उभी राहते. वरच्या पहिल्या ओळींत एकही उपमा नाही.

आता जुनं उदाहरण घेऊ, आपल्याच गोदाकाठचं. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांची विराणी, म्हणजे विरहाचं गाणं, "पैल तो गे काऊ कोकताहे, शकुन गे माये सांगताहे." लिहिणारा पुरुष आणि बोलणारी मात्र विरहिणी, हे आधी लक्षात घ्या, कवी आणि कवितेतली 'मी' एकच धरून चालत नाही. तर कावळा ओरडला की पाहुणा येतो हे आपल्या घराघरात ठरलेलंय, म्हणजे कावळा हे तयार प्रतीक, ज्ञानेश्वरांनी ते घडवलं नाही, सापडलं तसं उचललं. पोरं इथंच थांबतात, "कावळा हे आगमनाचे प्रतीक आहे", दोन मार्क, पुढचा प्रश्न. पण मग तिची ओढ कुठंय? ती त्या लालुचीत आहे! "उड रे उड रे काऊ, तुझे सोन्याने मढवीन पाऊ", मग दहिभाताची उंडी, मग दुधानं भरलेली वाटी त्याच्या ओठाला. सोन्यापासून सुरुवात करून ती दहिभातावर येते, म्हणजे घरात जे असेल ते द्यायला निघालीय, आणि ते हातानं त्याच्या तोंडाशी धरायला. दहिभाताचा गोळा डोळ्यापुढं आणा, त्याचा गारवा बोटाला जाणवू द्या. ही प्रतिमा. आणि भाषा बघा, लालूच नसेल तिथं आज्ञार्थी आणि घाईची, "उड रे उड रे", "सांग वेगी". एक माणूस पक्ष्याला एवढं विनवतंय म्हणजे दुसरं कुणी विचारायला उरलेलं नाही. 'मला आठवण येते' असं तिनं एकदाही म्हटलेलं नाही.

हे काही आजच्या समीक्षेचं खूळ नाही बरं का. 'काव्यप्रकाश' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात मम्मटानं रसाचे, म्हणजे कवितेतून आपल्याला जो भाव अनुभवायला मिळतो त्याचे, दोष सांगितले, त्यात पहिलाच दोष असा की रसाचं, भावाचं नावच सरळ उच्चारून टाकणं. दुःख झालं असं लिहिलं की दुःख पोचत नाही, हे अकराव्या शतकात सांगून झालंय.

आता दोन्ही एकदम असतं ते. आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई म्हणते, "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी." आमच्याकडं अजूनही सासऱ्यासमोर, मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घेणाऱ्या बाया आहेत, तो घसरला की हात आपोआप वर जातो, विचार न करता. जनीचा हात वर गेला नाही. एवढंच घडलंय त्या ओळीत, डोक्यावरून खांद्यापर्यंत वीतभर कापड सरकलं, आणि ते दिसतं, म्हणून ती प्रतिमा. पण पदर म्हणजे लाज, घराणं, लोक काय म्हणतील, हे सगळं आपल्या भाषेतच भरलेलंय, म्हणून त्याच क्षणी ते प्रतीकही. नुसतं प्रतीक म्हणून लिहिलं तर उत्तर होतं "पदर हे लज्जेचे प्रतीक आहे", आणि मोकळं होण्याचा जो आनंद आहे, "आता मज मना कोण करी" मधला, तो उत्तरातून पार गळून जातो. या 'मना'चा अर्थ मनाई, हेही सांगावं लागतं, कारण बरेच जण ते 'मन' म्हणून वाचतात.

पुढं तीच म्हणते, "पंढरीच्या पेठे मांडियेले पाल." पाल म्हटल्यावर वर्गात दरवर्षी दोघंतिघं भिंतीकडं बघतात. मग मी आठवडी बाजार आठवायला सांगते, चार काठ्या, वर ताडपत्री, खाली गोणपाट, तसं पाल, तसं चारचौघांत मांडलेलं. यंदा मी नेहमीसारखं विचारलं, प्रतिमा का प्रतीक? मागच्या बाकावरची एक पोरगी, जिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जातात आणि जी सहसा तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "मॅडम, ते नंतर बघू. पण तिनं पाल मांडलं ना, म्हणजे सामान आधीच घरातून निघालेलं असणार." मी फळ्यावरचे दोन्ही शब्द तसेच ठेवले आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.