वेदना, परिचारिका आणि औषधाविना उपाय : पार्श्वभूमी

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधा खोकला आला तरी टाक्यांवर ताण येतो आणि रुग्ण कळवळतो. अनुभवी परिचारिका अशा वेळी त्याला गुडघे जरा दुमडायला सांगते, पोटाशी उशी घट्ट धरायला लावते आणि मगच खोकू देते. तेवढ्यानेही कळ बरीच सुसह्य होते. कूस बदलून देणे, गरम-थंड शेक, हलके मालीश, संथ श्वसन, संगीत, गप्पांत मन गुंतवणे हे याच जातीचे उपाय. ते परिचारिकांना कितपत माहीत आहेत आणि त्यांवर त्यांचा भरवसा किती, याची आज अनेक देशांत प्रश्नावल्या भरून पाहणी होते.

एके काळी शुश्रूषेचा गाभाच हा होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात अंथरूण, उजेड, हवा यांवर प्रकरणे आहेतच, पण अनावश्यक आवाजावरही एक स्वतंत्र प्रकरण आहे. खोलीबाहेरची कुजबूज रुग्णाला किती छळते, हे त्यांनी बारकाईने नोंदवले आहे.

मात्र तोवर औषधांचे युग सुरू झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फिन वेगळे काढले गेले, १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली, १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. यातून असंख्य माणसांचे हाल वाचले, हे निर्विवाद. पण वेदना हा हळूहळू डॉक्टरांच्या चिठ्ठीचा विषय झाला आणि परिचारिकेकडे वेळेवर डोस देण्याचे काम उरले. शेकणे-चोळणे ‘बरे वाटावे म्हणून’ करायची गोष्ट ठरली.

शेकण्या-चोळण्याला शास्त्राचा आधार मिळाला तो १९६५ मध्ये. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी मांडले, की वेदनेचा संदेश मेंदूकडे सरळ जात नाही. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्श वाहून नेणारे जाड मज्जातंतू ते दार लोटून बंद करू शकतात आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशही त्यावर परिणाम करतात. कोपर आपटल्यावर आपण ते का चोळतो आणि भीतीने दुखणे का वाढते, याचा खुलासा एकाच मांडणीत झाला. तपशिलांवर पुढे वाद झाले, तरी मूळ कल्पना टिकली.

याच सुमारास मूळच्या परिचारिका असलेल्या आणि पुढे डॉक्टर झालेल्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू केले. शारीरिक वेदनेत मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची वेदनाही मिसळलेली असते, असे त्या सांगत. त्याच वेळी मॉर्फिन नियमित वेळेवर द्यावे, असाही त्यांचा आग्रह होता. १९६८ मध्ये अमेरिकी परिचारिका मार्गो मॅक्काफ्री यांनी ठामपणे लिहिले, की रुग्ण सांगेल ती वेदना आणि तो म्हणेल तेव्हा ती असते. माझ्या मते या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. रुग्ण ‘नाटक करतोय’ असे मनात धरले, तर गोळी काय आणि शेक काय, दोन्हींना उशीर होतो.

मॅक्काफ्री आणि बेटी फेरेल यांनी १९८७ मध्ये वेदनेविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन तपासणारी प्रश्नावली तयार केली. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली. तिच्यातले बरेच प्रश्न औषधांचे, त्यांच्या मात्रांचे आणि व्यसनाच्या भीतीचे आहेत. त्यामुळे औषधाविना उपायांसाठी संशोधकांना वेगळे प्रश्न रचावे लागले. त्या उत्तरांत अपुऱ्या ज्ञानाइतक्याच दुसऱ्या तक्रारीही येत राहतात: वेळ नाही, रुग्ण जास्त, प्रशिक्षण नाही. हे मला फार गंभीर वाटते, कारण ज्ञान असूनही हात मोकळे नसतील, तर दोष परिचारिकेच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

अमेरिकेत ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनसारख्या वेदनाशामक औषधांच्या अतिवापराने असंख्य बळी गेल्यावर या उपायांकडे पुन्हा लक्ष वळले. तिथल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २०१८ पासून औषधाविना उपाय उपलब्ध ठेवणे निकषांत घातले. तरी शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा कर्करोगाच्या तीव्र वेदनेत हे उपाय औषधाच्या जोडीला असतात, त्याच्या जागी नव्हे. शेक दिला म्हणून इंजेक्शन लांबवणे हासुद्धा चुकीचाच दृष्टिकोन, आणि पाहणीत तोही तपासायला हवा.